परदेशातलं एक सत्र आपल्या गुणपत्रिकेत का मावत नाही? कुलगुरूंना आणि अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू,
विद्यापरिषदांचे व अभ्यासमंडळांचे सदस्य,
आणि परीक्षा विभागातील अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका संलग्न महाविद्यालयात भूगोल शिकवते. पदवीचं शिक्षण चालू असताना आपल्या मुलामुलींना एक सत्र परदेशी विद्यापीठात शिकता यावं, तो मुलूख हिंडून पाहता यावा आणि परत आल्यावर त्यांचं वर्ष बुडू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. नवी योजना काढा, नवी इमारत बांधा, असं माझं मागणं नाही. जे शिकून झालं आहे ते शिकलं म्हणून धरा, इतकंच मागते आहे.

हे मागावं का लागतं, ते आधी सांगते.

माझी एक विद्यार्थिनी कृष्णाकाठच्या गावातली आहे. घरी ऊस, थोडा भाजीपाला, दोन म्हशी. तिच्या घराच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. २००५ची सगळ्यात खाली, २०१९ची सगळ्यात वर, आणि २०२१ची या दोन्हींच्या मध्ये. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ती तेव्हा शाळेत होती. जनावरं सोडून देऊन घरच्यांबरोबर निवारा केंद्रात राहिली होती. पुढे तिने भूगोल घेतला तो या पाण्यापायीच.

ती दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाचं परिपत्रक आलं. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला आहे, संलग्न महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनीही अर्ज करावेत. तिने अर्ज केला, ऑनलाइन मुलाखत दिली, निवड झाली. करारामुळे तिथली फी माफ होती आणि राहण्याखाण्यापुरती शिष्यवृत्ती होती. सप्टेंबर ते जानेवारी, म्हणजे आपलं पाचवं सत्र, ती तिकडे नदी व्यवस्थापनाचे विषय शिकली आणि सगळ्या विषयांत उत्तीर्ण होऊन परत आली.

परीक्षा विभागाच्या खिडकीवर तिला सांगण्यात आलं की करार आहे, पण समकक्षता मंजूर नाही. तिथले विषय इथल्या पेपरांशी जुळत नाहीत. पाचव्या सत्राचा परीक्षा अर्जच भरलेला नाही, तेव्हा एटीकेटीचाही प्रश्न येत नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांबरोबर पाचवं सत्र द्या. तिने सहावं सत्र पूर्ण केलं, त्याचा निकाल राखून ठेवला गेला. एमएचा प्रवेश त्या वर्षी हुकला. ज्या विषयांवर ती नदीच्या काठाकाठाने हिंडून अहवाल लिहून आली होती, त्यांच्यासाठी पुन्हा वह्या उघडून बसली.

तिच्यासाठी मी कार्यालयांत गेले. पात्रता विभागाने परीक्षा विभागाकडे पाठवलं. परीक्षा विभाग म्हणाला, अभ्यासमंडळाचं पत्र आणा. अभ्यासमंडळाची बैठक होऊन गेली होती. आंतरराष्ट्रीय केंद्रात सांगितलं, आमचं काम बाहेरून इथे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचं आहे, इथून जाणाऱ्यांचं नाही. कोणी उर्मटपणे बोललं नाही. एका ज्येष्ठ लिपिकांनी तर चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, मुलीचं चुकलं असं आम्ही म्हणतच नाही, पण आमच्या संगणकात टाकायला जागाच नाही." प्रत्येकाने आपापल्या टेबलापुरतं बरोबर उत्तर दिलं आणि त्या बरोबर उत्तरांतून एका हुशार मुलीचं वर्ष गेलं. म्हणून हे पत्र खिडकीवरच्या माणसाला लिहिलेलं नाही. ज्यांच्या सहीने ती जागा तयार होऊ शकते, त्या तुम्हाला लिहिलं आहे.

नियम आड येतात असं मला वाटत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात क्रेडिट, म्हणजे शिकण्याच्या तासांवर मोजलेले श्रेयांक, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेण्याची कल्पना मध्यवर्ती आहे. त्यासाठी २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या खात्याचे, नियम केले. २०२२ साली परदेशी संस्थांबरोबरच्या सहकार्याचे नियम आले. त्यांत ट्विनिंगखाली, म्हणजे पदवी इथली पण काही शिक्षण परदेशी संस्थेत अशा व्यवस्थेत, विद्यार्थ्याला एकूण क्रेडिटपैकी ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशात मिळवता येतात. आपली तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची, म्हणजे ही मर्यादा ३९ क्रेडिटपर्यंत जाते. एका सत्राचे क्रेडिट २२. नॅकचा, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा, ३.०१ किंवा त्याहून अधिक गुणांक असलेल्या संस्थेला यात वाव आहे आणि तेवढा गुणांक आपल्याकडे अनेकांचा आहे. धोरण दिल्लीहून आलं, शासन निर्णय मंत्रालयातून निघाला, पण तिसऱ्या वर्षाच्या भूगोलाच्या मुलीचे ते २२ क्रेडिट कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या रकान्यात लिहायचे हे ठरवणं तुमच्याकडे आहे. ते ठरलेलं नाही.

आता "जुळत नाही" या शेऱ्याबद्दल. हा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला आहे, तुम्हीही पाहा. युरोपात एका सत्राला ३० क्रेडिट असतात. नेदरलँड्समध्ये त्यातलं एक क्रेडिट म्हणजे २८ तासांचं काम: वर्ग, वाचन, क्षेत्रकाम, लेखन, परीक्षा, सगळं धरून. म्हणजे सत्राचे ८४० तास. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तास, तेही असंच सगळं धरून. २२ क्रेडिटचे ६६० तास होतात. माझी विद्यार्थिनी आपल्या मोजमापाने २८ क्रेडिटचं काम करून आली होती आणि तिच्या नावापुढे शून्य लागलं.

पेपरांच्या नावांचं म्हणाल तर ती जुळणार नाहीतच. जुळणारेच विषय शिकायचे असते तर तिने सांगली सोडण्याचं कारण नव्हतं. आपल्या पाचव्या सत्रात जो पेपर आहे त्यातली प्रकरणं एकेक करून तिथल्या अभ्यासक्रमात शोधायची, ७०-८० टक्के सापडली तर समकक्षता द्यायची, ही पद्धत एका विद्यापीठातून दुसऱ्यात कायमचं स्थलांतर करणाऱ्यासाठी ठीक असेल. एका सत्रासाठी गेलेल्या मुलाला ती लावणं अन्याय आहे. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पदवी हातात पडताना या विद्यार्थ्याला जे यायलाच हवं, त्यातलं काही या सत्रामुळे राहून जातंय का? राहत असेल तर तेवढा एक पेपर द्यायला लावा. बाकीचे क्रेडिट गटाने, म्हणजे पेपराला पेपर न जुळवता एकत्र, द्या.

गुणांचंही असंच. डच विद्यापीठांत दहापैकी गुण देतात. साडेपाचला उत्तीर्ण, सात म्हणजे बऱ्यापैकी समाधानकारक, आठ म्हणजे चांगला. नऊ क्वचित मिळतात आणि दहा जवळजवळ कोणालाच नाहीत. तिला क्षेत्र अहवालात आठ मिळाले होते. आपल्याकडेही श्रेणी दहापैकीच असते, त्यामुळे कोणी सरळ आठाला आठ लावून मोकळं होईल. तसं केलं तर तिथे वर्गात वरच्या मुलांत असलेली मुलगी इथे मधल्या रांगेत येते. युरोपात यावर उपाय आहे. अमुक श्रेणी त्या वर्गातल्या किती टक्के विद्यार्थ्यांना मिळते याचा तक्ता दोन्ही विद्यापीठं एकमेकांना देतात आणि त्यावरून गुण बदलले जातात. एवढंही नको असेल तर परदेशी सत्राला नुसतं "उत्तीर्ण" लिहा आणि सरासरीत धरू नका. ती त्याला आनंदाने तयार झाली असती.

हे सगळं फक्त आपल्याच वाट्याला आलं आहे असंही नाही. १९५०च्या दशकात सोफिया कोर्राडी नावाची इटलीतली कायद्याची विद्यार्थिनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तिथली पदव्युत्तर पदवी घेऊन परतली. रोमच्या तिच्या विद्यापीठाने ते शिक्षण धरायला नकार दिला. बाकीच्या मुलांसमोर तिचा पाणउतारा झाला. पुढे ती शिक्षणशास्त्राची प्राध्यापक झाली, इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेची सल्लागार झाली आणि दुसऱ्या देशात शिकलेलं आपल्या देशात धरलं गेलं पाहिजे, या एकाच मागणीचा तिने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९८७ साली युरोपात विद्यार्थ्यांना काही काळ दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आतापर्यंत योजनेत सहभागी झालेल्यांची एकूण संख्या कोटीच्या पुढे गेली आहे. योजनेला लागलेला पैसा मोठा होता हे खरं, पण तिचा कणा एक साधा कागद आहे. विद्यार्थी निघण्याआधी करार होतो: तिथे हे विषय घेणार, त्याबदल्यात इथले हे क्रेडिट मिळणार. त्यावर विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. तिथे पास झालेल्या विषयांचे क्रेडिट परत आल्यावर नाकारता येत नाहीत.

आपली परिपत्रकं निवडीपर्यंत येतात आणि तिथे थांबतात. निघण्याआधी सही झाली असती तर माझ्या विद्यार्थिनीला खिडकीवर उभं राहावंच लागलं नसतं.

हिंडण्याविषयी मला जास्त लिहायचं आहे, कारण त्याबद्दल आपल्या मनात अढी आहे. "मुलं फिरायला जातात" हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकलं आहे, बैठकीतही ऐकलं आहे. मी भूगोलाची शिक्षिका म्हणून सांगते, फिरली नाहीत तर जाऊन उपयोग काय? तिथल्या ग्रंथालयातली बरीच पुस्तकं आता इथे संगणकावर वाचता येतात. नदी वाचायची तर काठावर जावं लागतं.

तिची क्षेत्रवही माझ्याकडे आहे. तिच्या परवानगीने त्यातलं थोडं सांगते. नेदरलँड्सने १९५३च्या सागरी पुरात १,८३६ माणसं गमावली आणि त्यानंतर बंधारे उंच केले, हे आपण वर्गात शिकवतो. पण १९९३ आणि १९९५ साली धोका समुद्राकडून आला नाही, नद्यांकडून आला. १९९५ला सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी ठरवलं की बांध आणखी उंच करत बसण्यापेक्षा नदीलाच जागा द्यायची. नायमेखेन शहरापाशी वाल नदी वळते आणि अरुंद होते, पाणी तिथे तुंबायचं. समोरच्या लेंट गावाच्या बाजूचा बांध त्यांनी ३५० मीटर मागे नेला, मोकळ्या झालेल्या जागेत नदीला दुसरा प्रवाह खणून दिला आणि मधे बेट तयार झालं. पन्नासएक घरं हलवावी लागली.

हे सगळं छापील पुस्तिकेत मिळतं. तिच्या वहीत वेगळं आहे. डाव्या पानावर लेंटच्या पुलावरून काढलेला नदीचा छेद आहे: जुना बांध कुठे होता, नवा कुठे आहे, दोन्ही प्रवाहांची अंदाजे रुंदी. उजव्या पानावर आयर्विन पूल, विष्णुघाट, त्यामागची वस्ती, निळी पूररेषा, लाल पूररेषा. तिथल्या उंच्या अॅमस्टरडॅमच्या प्रमाण पातळीपासून मीटरमध्ये मोजतात, आपल्याकडे पुलाच्या पट्टीवर फुटांत. दोन्ही छेद एकमेकांशेजारी ठेवता यावेत म्हणून तिने सांगलीच्या फुटांचे मीटर करून घेतले आहेत. त्याखाली प्रश्न लिहिले आहेत. पन्नास घरांना मोबदला कशाच्या हिशेबाने दिला? किती वर्षं बोलणी चालली? जे गेले ते गावातच राहिले की लांब गेले? आमच्याकडे ३५० मीटर मागे जायला जागा कुठे आहे?

दुसऱ्या एका सुट्टीत ती गाड्या बदलत आणि पुढे भाड्याच्या सायकलवरून ओव्हरडीप पोल्डरला, म्हणजे बांधांनी वेढलेल्या सखल शेतजमिनीच्या भागाला, गेली. तिथे पुराच्या वेळी पाणी शेतात मुद्दाम शिरू देतात. हा तोडगा शेतकऱ्यांनी स्वतःहून पुढे केला होता: आम्ही इथेच राहतो, घरं आणि गोठे मातीच्या उंच टेकाडांवर बांधून द्या, खालची शेतं वेळ आल्यावर बुडाली तर बुडू देत. सगळ्यांना राहता आलं नाही, काही जण जमीन देऊन दुसरीकडे गेले. तिने टेकाडाची चढण पावलांनी मोजली, गोठ्यात किती गुरं आहेत ते विचारलं, चारा वर कसा नेतात ते पाहिलं. २०१९ला ज्या घरातल्या म्हशी दाव्यातून सोडून द्याव्या लागल्या, त्या घरातल्या मुलीनेच हे विचारावं. तिथल्या वर्गात तिने आपल्या भिंतीवरच्या तीन खुणांचे फोटो दाखवले, तेव्हा बाकीच्या मुलांना कळलं की पुराची नोंद घराघरांतून अशीही ठेवली जाते. त्यांच्या प्राध्यापकांनी पुढच्या तासाला त्यावरच चर्चा घेतली. शिकणं दोन्ही बाजूंनी झालं.

परत आल्यावर तिने आपल्या ग्रामसभेत मराठीत हे मांडलं. मी तिथे हजर होते. लोकांनी पहिला प्रश्न जमिनीचा विचारला, दुसरा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा. तिने स्पष्ट सांगितलं की तिकडचं उचलून इकडे लावता येणार नाही. आपल्याकडे कोयनेचा विसर्ग आहे, खाली अलमट्टीवरून वाद आहे, नदीकाठ दाट वस्तीचा आहे, पाऊस चार महिन्यांत पडून जातो. पण तिथे पाण्याचा कारभार बघायला २१ पाणीमंडळं आहेत, त्यांची निवडणूक होते, ती स्वतःचा कर गोळा करतात आणि यातल्या काहींची मुळं तेराव्या शतकात आहेत. आपल्या गावाला पुराबद्दल बोलायला हक्काचं ठिकाण कोणतं, हा प्रश्न तिने सभेपुढे ठेवला. ज्या अभ्यासमंडळाला तिच्या सत्रात भूगोल सापडला नाही, त्याच्या एखाद्या सदस्याने त्या सभेला यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आपण पदवीच्या रचनेत फील्ड प्रोजेक्टला आणि समुदाय सहभागाला क्रेडिट ठेवलेच आहेत. परदेशात केलेला प्रवास, त्याची क्षेत्रवही आणि परत आल्यावर गावात किंवा महाविद्यालयात मराठीत केलेलं सादरीकरण, हे त्या क्रेडिटमध्ये सहज बसतं. वही नीट नसेल तर क्रेडिट देऊ नका. फिरणं आणि अभ्यास वेगळे काढायची ती सगळ्यात सोपी चाचणी आहे.

याउलट ज्याला आपण सर्रास मान्यता देतो ते पाहा. शहरांतली कित्येक महाविद्यालयं दुबई, सिंगापूरच्या पाचसहा दिवसांच्या "अभ्यास सहली" काढतात. ट्रॅव्हल कंपनी पॅकेज देते, एका कंपनीला किंवा बंदराला तासाभराची भेट असते, बाकी बाजार आणि मनोरे. पालक दीडदोन लाख भरतात, प्रमाणपत्र मिळतं, अहवालात "आंतरराष्ट्रीय अनुभव" लिहिला जातो. मुलांनी जाऊ नये असं मी म्हणत नाही, तरुण वयात जग दिसलेलं चांगलंच. पण पाच दिवसांच्या सहलीला अहवालात जागा आहे आणि पाच महिन्यांच्या अभ्यासाला गुणपत्रिकेत जागा नाही, हा क्रम उलटा आहे. खासगी विद्यापीठांत ज्यांचे पालक वर्षाला काही लाख फी भरू शकतात, त्यांना परदेशातलं सत्र विनासायास मिळतं, क्रेडिटसकट. अडतात ती संलग्न महाविद्यालयांतली मुलं, आणि राज्यातली बहुसंख्य मुलं तिथेच शिकतात.

महाराष्ट्राने ही वाट आधी चालून पाहिली आहे. पंडिता रमाबाई १८८६च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. समारंभ झाल्यावर त्या लगेच परतल्या नाहीत. बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचा त्यांनी तिथे अभ्यास केला, शहरोशहरी फिरल्या, संस्था पाहिल्या, व्याख्यानं दिली. १८८९च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं आणि त्याच वर्षी अमेरिकेतली लोकस्थिती सांगणारं त्यांचं मराठी पुस्तक आलं. यातला अभ्यास कुठे संपला आणि प्रवास कुठे सुरू झाला, हे कोणाला सांगता येईल?

बाबासाहेबांचं उदाहरण तर नियमांच्या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्राच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे विषय घेतले. १९१६ला लंडनला गेले. १९१७ला शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी दिली. १९२०ला ते पुन्हा गेले आणि १९२३ला डीएस्सी झाले. अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याला एका विद्यापीठाने मुदत दिली, म्हणून ती पदवी झाली. १९२१-२२च्या काळात ते लंडनच्या ज्या घरात राहत होते, ते १०, किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलं. त्या निर्णयाचा मला अभिमान आहे. त्याच राज्यातल्या मुलीला परदेशातल्या एका सत्राचे क्रेडिट मिळू नयेत, हे मला पटत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीच्या पूर्ण शिक्षणासाठी आहेत. पदवीच्या मुलाला एका सत्रासाठी त्यांचा आधार मिळत नाही. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लसमध्ये भारतातल्या विद्यार्थ्यांनाही महिन्याला साधारण ८०० ते ९०० युरो आणि प्रवासखर्च मिळू शकतो, पण त्यासाठी दोन विद्यापीठांत करार असावा लागतो आणि आपल्या बाजूने पत्रव्यवहार करायला माणूस लागतो. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी ती तिथे पोचल्यावर खात्यात येते. पासपोर्ट, विमा, विमानाचं तिकीट, खोलीची अनामत हे सगळं आधी. माझ्या विद्यार्थिनीच्या घरच्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि आईने बोरमाळ गहाण ठेवली. विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण निधीतून या पहिल्या खर्चापुरती बिनव्याजी उचल देता आली, शिष्यवृत्ती आल्यावर ती परत घेतली, तर घरातलं सोनं घरात राहील.

"गेली की परत येत नाहीत" असं कोणी म्हणेल. जी मुलं पूर्ण पदवीसाठी जातात त्यांच्यापैकी काही तिकडेच राहतात, तो त्यांचा हक्क आहे. एका सत्रासाठी जाणाऱ्याची पदवी मात्र तुमच्याकडे असते. ती घ्यायला त्याला परत यावंच लागतं.

मग नेमकं काय करायचं? विभागप्रमुख आणि अभ्यासमंडळाचे अध्यक्ष यांना निघण्याआधीच्या करारावर सही करण्याचा अधिकार द्या, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यासाठी मंडळाच्या बैठकीची वाट पाहावी लागणार नाही. क्रेडिट तासांवर मोजा आणि गटाने द्या. परीक्षा अर्जाच्या पोर्टलवर "उपस्थित" आणि "गैरहजर" यांच्या जोडीला "परदेशी सत्र" असा तिसरा पर्याय ठेवा. त्या लिपिकांना हवी असलेली जागा ती हीच. युरोपातलं शरद सत्र जानेवारीअखेर संपतं आणि आपलं सहावं सत्र त्याआधी सुरू झालेलं असतं, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांची हजेरी माफ करा. आंतरराष्ट्रीय केंद्रात एक माणूस इथून जाणाऱ्यांसाठी नेमा, आणि त्याचं नाव व फोन प्रत्येक संलग्न महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावा. ज्यांचं वर्ष आधीच गेलं आहे त्यांच्या प्रकरणांत मागील तारखेपासून क्रेडिट देता येतात का तेही तपासा. माझ्या विद्यार्थिनीचं वर्ष परत येणार नाही, पण तिच्या गुणपत्रिकेवर ते सत्र दिसायला हवं. पुढे कुठे नोकरीला किंवा संशोधनाला गेली की मधलं वर्ष कुठे गेलं, असं तिला विचारलं जाणार आहे.

सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सत्रासाठी विद्यार्थ्यांची नावं परदेशी विद्यापीठांना साधारण मार्च ते मे या काळात कळवावी लागतात. विद्यापरिषदेच्या त्याआधीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. निघण्याआधीच्या कराराचा मराठी मसुदा, तासांचा आणि क्रेडिटचा तक्ता आणि तिने आणलेली मूळ कागदपत्रं असं सगळं एका फायलीत लावून मी तयार ठेवलं आहे. ज्या विद्यापीठाला हवं असेल त्याने निरोप धाडावा, मी स्वतः घेऊन येईन आणि अभ्यासमंडळासमोर बसून एकेक कागद समजावून देईन.

कळावे,
आपली नम्र,
भूगोलाची एक प्राध्यापिका,
जिल्हा सांगली